पिलाच्या डोळ्यातील लाल गाठ : ती कापू नये, जागी बसवावी

दौंड तालुक्यातील राहू व त्याच्या आसपासचा टापू राहू बेट या नावाने ओळखला जातो. एका अंगास मुळा-मुठा व दुसऱ्या अंगास भीमा असल्याने येथे पाण्याची सोय चांगली असून ऊस हे मुख्य पीक आहे. भीमेपलीकडे शिरूर तालुका लागतो. या दोन्ही तालुक्यांत पुष्कळ शेतकरी गावठाण सोडून आपापल्या रानात वस्ती करून राहतात. उसाचा फड घराला लागून असतो, गोठा उघड्यावर असतो आणि गेल्या काही वर्षांत उसात बिबट्याचा वावर वाढलेला आहे. अशा परिस्थितीत वस्तीवरचे कुत्रे ही चैनीची वस्तू नसून गरजेची वस्तू आहे. रात्री गोठ्याकडे काही चाहूल लागली तर घरातील माणसांस प्रथम जाग आणते ते कुत्रेच. ते काम त्याने आठ-दहा वर्षे नीट करावयाचे असेल, तर त्याचे कान, नाक व डोळे शाबूत राहिले पाहिजेत.

कुत्र्याच्या लहान पिलांस डोळ्याचा एक विकार होतो. तो वरवर पाहता भयंकर दिसतो, पण वेळीच योग्य उपचार झाल्यास पूर्ण बरा होण्याजोगा असतो. मात्र त्यावर घरगुती इलाज केला, तर आज बरा झालेला दिसणारा डोळा दोन-चार वर्षांनी कायमचा जातो. या विकाराचे स्वरूप समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

विकार कसा दिसतो

आदल्या रात्री धडधाकट असलेल्या पिलाच्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात सकाळी एक लालबुंद, गुळगुळीत, गोल गाठ वर आलेली दिसते. ती कधी हरभऱ्याच्या दाण्याएवढी, तर कधी पिकत आलेल्या लाल करवंदाएवढी असते. पाश्चात्त्य देशांत तिला चेरी या लाल फळाची उपमा देऊन या विकारास ‘चेरी आय’ असे नाव पडले आहे व आपल्याकडील पशुवैद्यकही तेच नाव वापरतात. पिलू सहसा खाते, पिते, खेळते. त्यास ताप नसतो. डोळ्यातून थोडे पाणी येते, क्वचित चिपडे धरतात आणि पिलू मधून मधून पंजाने डोळा चोळते. प्रारंभी कित्येकदा ही गाठ आपोआप आत जाते व दोन दिवसांनी पुन्हा बाहेर येते. पुढे मात्र ती बाहेरच राहते.

हा विकार बहुधा एक वर्षाच्या आतील पिलांत आढळतो. दोन वर्षांनंतर तो प्रथमच होण्याचे प्रमाण कमी आहे. कॉकर स्पॅनिएल, बुलडॉग, बीगल, ल्हासा अप्सो, शिह त्झू, पग व ग्रेट डेन या जातींत तो अधिक दिसतो. गावठी कुत्र्यांत त्या मानाने कमी दिसत असला, तरी होतच नाही असे नाही. अलीकडे वस्त्यांवर राखणीसाठी परदेशी जातींची व संकरित पिले आणण्याची प्रथा वाढली आहे. त्यामुळे पूर्वी शहरातच पाहावयास मिळणारा हा विकार आता खेड्यांतही दिसू लागल्यास नवल नाही.

गाठ म्हणजे नेमके काय

या गाठीस लोक ‘डोळ्यात मांस वाढले’ असे म्हणतात. हा समज चुकीचा आहे आणि पुढील सर्व नुकसानीचे मूळ याच समजात आहे. तेथे नवीन असे काहीही वाढलेले नसते. जे अवयव म्हणून प्रत्येक कुत्र्याच्या डोळ्यात जन्मतःच असते, तेच आपली जागा सोडून वर आलेले असते.

मनुष्यास वरची व खालची अशा दोन पापण्या असतात. कुत्र्यास याखेरीज तिसरी पापणी असते. गाय, म्हैस, शेळी, घोडा व कोंबडी यांनाही ती असते. कोंबडी डोळा मिचकावते त्या वेळी डोळ्यावरून आडवा सरकणारा पातळ पडदा पुष्कळांनी पाहिला असेल. ती तिसरी पापणी होय. मनुष्यात तिचा केवळ अवशेष, नाकाकडील कोपऱ्यातील लहानशा गुलाबी घडीच्या रूपाने राहिला आहे. कुत्र्यात ही पापणी नाकाकडील कोपऱ्यात खाली दडलेली असते. तिला ताठपणा यावा म्हणून तिच्यात एक लहानशी कूर्चा असते आणि त्या कूर्चेच्या बुडाशी एक ग्रंथी असते. ही ग्रंथी अश्रू तयार करते.

कुत्र्याच्या डोळ्यास अश्रू पुरविणाऱ्या मुख्य ग्रंथी दोन. एक डोळ्याच्या वरील बाजूस खोबणीत असते व दुसरी ही तिसऱ्या पापणीतील. डोळ्यातील पाणीदार अश्रूंपैकी सुमारे एकतृतीयांश ते निम्मे अश्रू या दुसऱ्या ग्रंथीकडून येतात. ही ग्रंथी एका नाजूक तंतुमय बंधाने खाली जखडलेली असते. काही पिलांत हा बंध जन्मतःच सैल असतो. त्यातच ग्रंथीस थोडी सूज आली की बंध तिला धरून ठेवू शकत नाही. ती उलटून पापणीच्या कडेवर येते. बाहेर आल्यावर तिला वारा व धूळ लागते, ती कोरडी पडते, आणखी सुजते व मग आत जाणे अधिकच कठीण होते. आपणास दिसते ती लाल गाठ म्हणजे ही सुजलेली अश्रुग्रंथी.

शेतीतील उपमा द्यावयाची तर विहिरीवरील पंप आपल्या बैठकीवरून सरकला, तर शेतकरी तो भंगारात टाकीत नाही. तो पुन्हा बैठकीवर घट्ट बसवितो. डोळ्यातील ही ग्रंथीही जागेवरून सरकलेला पंपच आहे.

अश्रूंचे महत्त्व

अश्रू म्हणजे केवळ रडण्याचे पाणी नव्हे. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यास ओलावा व प्राणवायू पुरविणे, पोषणास हातभार लावणे, धूळ धुऊन काढणे आणि रोगजंतूंस आवर घालणे ही कामे अश्रूंच्या पातळ थरामुळे होतात. हा थर कमी पडला की पडदा शुष्क होतो. प्रथम त्याची चकाकी जाते. पुढे डोळ्यात जाड, चिकट, पिवळट चिपडे साचू लागतात. त्यानंतर पडद्यावर रक्तवाहिन्या चढतात, काळपट रंग धरतो आणि अखेर कुत्र्यास दिसेनासे होते. यास कोरड्या डोळ्याचा रोग म्हणतात. तो एकदा जडला म्हणजे बहुतेक वेळा जन्मभर औषध घालावे लागते. सायक्लोस्पोरिनसारखी औषधे त्यावर उपयुक्त आहेत, परंतु ती दररोज व वर्षानुवर्षे घालणे शेतकऱ्यास परवडण्याजोगे नसते.

गाठ कापल्यास काय होते

एखाद्या वस्तीवर हा प्रकार सामान्यतः असा घडतो. पिलू चार-पाच महिन्यांचे असताना गाठ दिसू लागते. आठवडाभर कोणी तुरटीचे पाणी घालतो, कोणी मध लावतो. गाठ जात नाही. मग चामखीळ पाडावी त्याप्रमाणे कोणी घोड्याच्या केसाने ती बांधून टाकतो किंवा जाणता म्हणविणारा इसम ब्लेडने ती छाटून देतो. थोडे रक्त येते, दोन-चार दिवसांत जखम भरते आणि डोळा पूर्ववत् स्वच्छ दिसू लागतो. घरातील मंडळींस समाधान वाटते. पुढे दोन-तीन वर्षांनी त्याच कुत्र्याच्या डोळ्यास सतत चिपडे येऊ लागतात, उन्हात ते डोळा मिटून घेते आणि अंधारात त्या बाजूने आलेले जनावर त्यास दिसत नाही. तोपर्यंत पहिली घटना सर्वांच्या विस्मरणात गेलेली असते. कुत्रे म्हातारे झाले, असे म्हणून विषय संपविला जातो. कारण व परिणाम यांत वर्षांचे अंतर पडल्यामुळे कापण्याचा दोष कोणाच्याच ध्यानी येत नाही, आणि शेजारच्या वस्तीवरील पिलाची गाठही त्याच ब्लेडने छाटली जाते.

यात केवळ अडाणीपणाचा दोष आहे असे मानणे योग्य नव्हे. या ग्रंथीचे महत्त्व पुरते ध्यानी येण्यापूर्वी पशुवैद्यकही ती काढून टाकीत असत. शिवाय गाय-बैलांच्या तिसऱ्या पापणीवर कधी कधी कर्करोगाची वाढ होते व ती काढून टाकणे हाच तेथे योग्य उपचार असतो. बैलाच्या बाबतीत पाहिलेली गोष्ट शेतकरी पिलास लावतो. परंतु दोन्ही विकार मुळात भिन्न आहेत. बैलाच्या डोळ्यात नको असलेली वाढ असते. पिलाच्या डोळ्यात हवा असलेला अवयव असतो.

ग्रंथी काढल्याचे परिणाम शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहेत. १९८० ते १९९० या काळातील ८९ कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्या डोळ्यांतील ग्रंथी काढून टाकली होती, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या डोळ्यांस पुढे कोरडेपणा आला. ज्यांत ग्रंथी पुन्हा जागी बसविली होती, त्यांत हे प्रमाण सातात एक इतकेच होते. ज्यांत काहीच उपचार न करता गाठ तशीच राहू दिली, त्यांतही कोरडेपणाचे प्रमाण काढून टाकलेल्यांच्या जवळपास भरले. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात : कापणे हानिकारक आहे आणि दुर्लक्ष करणेही हानिकारक आहे.

योग्य उपचार

ग्रंथी शस्त्रक्रियेने परत जागी बसविणे हा आज मान्यता पावलेला उपचार आहे. पिलास पूर्ण भूल दिली जाते. तिसऱ्या पापणीच्या आतील बाजूस, ग्रंथीच्या दोन्ही अंगांस एकेक बारीक छेद घेऊन त्या छेदांच्या बाहेरील कडा ग्रंथीवरून एकमेकींस शिवतात. त्यामुळे ग्रंथी जणू एका खिशात बंद होते. खिशाची दोन्ही टोके थोडी मोकळी ठेवतात, म्हणजे तयार होणारे अश्रू बाहेर पडू शकतात. धागा विरघळणारा असतो आणि त्याच्या गाठी डोळ्यास घासू नयेत म्हणून पापणीच्या बाहेरील अंगास मारतात. दुसऱ्या एका पद्धतीत ग्रंथी टाक्याने खाली डोळ्याच्या खोबणीच्या कडेस जखडतात. कोणती पद्धत वापरावयाची हे पशुवैद्यक ठरवितो.

गाठ नुकतीच वर आली असेल तर पशुवैद्यक ती हलक्या दाबाने आत बसवून व थेंब देऊन काही दिवस वाट पाहतो. परंतु बहुतेक पिलांत ती पुन्हा वर येते. शस्त्रक्रियेनंतरही काही थोड्या कुत्र्यांत, विशेषतः मोठ्या चणीच्या जातींत, ग्रंथी पुन्हा निसटते. तेव्हा दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते. तसे झाले म्हणून निराश होऊन ‘आता काढूनच टाका’ असा आग्रह धरू नये. एका डोळ्यास हा विकार झाल्यावर काही महिन्यांत दुसऱ्या डोळ्यासही होऊ शकतो, हे मालकास आधीच सांगून ठेवणे इष्ट होय.

ही शस्त्रक्रिया जितकी लवकर होईल तितकी ग्रंथी कमी सुजलेली असते व यश अधिक मिळते. गाठ दिसल्यापासून दोन-चार दिवसांत पिलू पशुवैद्यकास दाखवावे. शस्त्रक्रिया हे केवळ नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ चाही तोच आशय आहे.

दवाखान्यात नेईपर्यंत काय करावे

१. गाठ ओली राहील असे पाहावे. औषधांच्या दुकानातील निर्जंतुक सलाईन अथवा कृत्रिम अश्रूंचे साधे थेंब दिवसातून चार-सहा वेळा घालावेत.

२. पिलास डोळा चोळू देऊ नये. दवाखान्यात मिळणारा नरसाळ्यासारखा गळपट्टा घालावा. तो न मिळाल्यास लहान प्लॅस्टिक बादलीचा तळ कापून, कडा कापडाने मढवून व गळपट्ट्यास बांधून तात्पुरते काम भागते. श्वासास अडथळा होत नाही याची खात्री करावी.

३. गुऱ्हाळाच्या चुलाणाचा धूर, जळते पाचट व मळणीची धूळ यांपासून पिलास दूर, सावलीत ठेवावे.

४. चुना, तुरटी, बिब्बा, हळद, मध, रॉकेल यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

५. घरात पडून असलेले माणसांचे डोळ्याचे औषध वापरू नये. त्यात स्टेरॉईड असल्यास व डोळ्याच्या पडद्यावर जखम असल्यास ती जखम वाढून डोळा फुटण्याचा धोका असतो.

६. गाठ बोटाने दाबून आत लोटण्याचा प्रयत्न करू नये. दुखावलेले पिलू चावते. कोणत्याही कुत्र्याचा दात लागल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्यावी.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पिलास किती वेळ उपाशी ठेवावयाचे हे पशुवैद्यकास विचारून घ्यावे. फार लहान पिलास फार वेळ उपाशी ठेवणे बरे नसते. शस्त्रक्रियेनंतर दहा ते चौदा दिवस गळपट्टा काढू नये, सांगितलेले थेंब वेळेवर घालावेत आणि फेरतपासणी चुकवू नये.

दिसण्यात फसवे असे इतर विकार

प्रत्येक लाल डोळा म्हणजे हा विकार नव्हे. पुढील फरक ध्यानात घ्यावेत.

दोन्ही डोळ्यांतून व नाकातून घाण येत असून पिलास ताप, खोकला वा हगवण असेल व ते खात नसेल, तर डिस्टेंपर या सांसर्गिक रोगाची शंका घ्यावी. अशा पिलास इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवून तातडीने दाखवावे.

पिलाने एकच डोळा एकाएकी गच्च मिटून घेतला असेल, तर त्यात कुसळ गेले असण्याचा किंवा उसाच्या धारदार पानाने पडदा चिरला गेल्याचा संभव असतो. यात विलंब झाल्यास डोळ्यात फूल पडते.

डोळ्यावर गोल गाठ नसून फिकट पातळ पडदा आडवा आलेला दिसल्यास ती खुद्द तिसरी पापणी होय. डोळ्यातील वेदना, अशक्तपणा किंवा शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे असे घडते. तेथे मूळ कारण शोधले पाहिजे.

पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यास मार बसून बुबुळासह सबंध डोळाच खोबणीबाहेर आला, तर त्यावर सलाईनने भिजविलेले स्वच्छ फडके धरून क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.

वयस्क कुत्र्याच्या डोळ्यात प्रथमच गाठ उद्भवली, तर ती कर्करोगाची असू शकते. तिची तपासणी करूनच उपचार ठरवावा लागतो.

उपचाराची सोय

राहू व परिसरातील शेतकऱ्यांनी प्रथम जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात पिलू दाखवावे. जनावरांच्या आजारांसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावरही मार्गदर्शन मिळते. शस्त्रक्रियेसाठी मोठ्या केंद्राकडे पाठविणे जरूर भासल्यास पुण्यास औंध येथे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. पुणे-सातारा मार्गावर शिरवळ येथे १९८८ साली स्थापन झालेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तर मुंबईस परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून कार्य करीत आहे. जाण्यापूर्वी चौकशी करून वार व वेळ निश्चित करून घ्यावी, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

ज्या कुत्र्याची गाठ पूर्वीच कापली गेली आहे, त्याच्या मालकानेही स्वस्थ बसू नये. पशुवैद्यक कागदाची एक पट्टी एक मिनिट खालच्या पापणीत धरून ती किती भिजते हे मोजतो. निरोगी कुत्र्यात ती पंधरा मिलिमीटर वा अधिक भिजते. दहाच्या खाली भिजल्यास कोरडेपणाची शंका घ्यावी लागते. ही तपासणी वर्षातून एकदा करून घेतल्यास रोग प्रारंभीच सापडतो व दृष्टी वाचविता येते.

पिलू निवडताना

हा विकार संसर्गजन्य नाही. एका कुत्र्यापासून दुसऱ्यास किंवा मनुष्यास होत नाही. पण बंध सैल असण्याची प्रवृत्ती वंशातून येते असे दिसते. म्हणून ज्या कुत्र्यास हा विकार झाला असेल त्याची वीण घेऊ नये. पिलू विकत घेताना त्याच्या आईबापांच्या डोळ्यांची चौकशी करावी. जो शेतकरी वळूची वंशावळ विचारल्यावाचून गाय फळवीत नाही, त्याने राखणीच्या कुत्र्याबाबतही तीच दक्षता घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्ता वस्तीवर जातो तो बहुधा पीक किंवा दुभते जनावर पाहण्यासाठी. त्या वेळी दारातील पिलाकडेही एक नजर टाकावी. लाल गाठ दिसल्यास मालकास तीन गोष्टी सांगाव्यात : हे वाढलेले मांस नव्हे, ही अश्रूंची ग्रंथी आहे; ती कापू अगर बांधू नये; या आठवड्यातच पशुवैद्यकास दाखवावी. गावात असल्या गाठी छाटून देणारा कोणी असेल, तर त्याच्यावर रागावण्यापेक्षा त्यास कोरडा पडलेला डोळा प्रत्यक्ष दाखवून त्याचे कारण समजावून देणे अधिक परिणामकारक ठरते. आपल्या हातून झालेल्या कामाचा दोन वर्षांनंतरचा परिणाम त्याने बहुधा कधी पाहिलेलाच नसतो.

कुत्रे आपले दुखणे बोलून दाखवीत नाही आणि एका डोळ्याने अधू झाले तरी राखण सोडीत नाही. रात्री उसाच्या कडेला आवाज झाला की ते त्या बाजूस धाव घेतेच. समोर काय आहे हे त्यास दिसते की नाही, हे ते पिलू असताना त्याच्या मालकाने ब्लेड उचलले की दवाखान्याची वाट धरली यावर अवलंबून असते.